दोन पॉइंट चार ओहम

एकतीस वर्षं मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, आमचा मिक्सर मधेच बंद पडतो, काय झालं असेल?" लग्नात विचारतात, मयतीला विचारतात. एकदा केडगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले होते, तर शेजारच्या बाईंनी पिशवीतून इस्त्री काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी इस्त्री दुरुस्त करत नाही म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती मला ओळखीची आहे. मग कॉलेजात शिकवता तरी काय, असं त्या नजरेत असतं.

माझे अब्बा दौंडला मोटर रिवाइंडिंग करायचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उलगडायची, नवीन भरायची, व्हार्निश लावून वाळवायची. आमच्या घराला कायम त्या व्हार्निशचा वास असायचा. अब्बा इस्त्रीही दुरुस्त करायचे आणि मिक्सरही. मी शिकत गेले तसतसं मला हे काम येईनासं झालं, अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. ती अगदीच चुकीची होती असं आता मला म्हणवत नाही.

प्राध्यापक दिवसभर शिकवतो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. शिकवणं दिवसातले दोन तास. उरलेला वेळ तो सह्या करतो. हजेरीवर, रजेच्या अर्जावर, खरेदीच्या मागणीवर, मागणी नामंजूर झाल्याच्या पत्राच्या पोचेवर. आणि सर्वांत जास्त सह्या जर्नलवर. जर्नल म्हणजे विद्यार्थ्याची प्रयोगवही. प्रयोग करायचा, आकडे टिपायचे, आकृती काढायची, निष्कर्ष लिहायचा, मग शिक्षकाने तपासून पानाच्या खाली सही करायची. एका वर्गात साठ मुलं, प्रत्येकाचे दहा प्रयोग, सहामाहीला तीन वर्ग. परीक्षा जवळ आली की टेबलावर जर्नलांचे ढीग लागतात आणि शिक्षकाचा हात आपोआप चालू लागतो. मी वाचून सही करते असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होते.

आमचं कॉलेज शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात, भोवती ऊस. त्याचं नाव सांगायचं कारण नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही कॉलेजात घडू शकतं. त्याचा तर मला जास्त संताप येतो.

आमच्या यंत्रशाळेत, म्हणजे जिथे मोटरी आणि जनरेटर ठेवलेले असतात त्या मोठ्या खोलीत, ढमढेरे मामा अटेंडंट होते. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण दहावी नापास, आणि कुठली मोटर आज रुसलेली आहे हे आवाजावरून ओळखणारे. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. मी विभागप्रमुख झाले तेव्हापासून आमची जोडी. मी फळ्यावर जे सांगायचे ते मामा प्रत्यक्ष चालवून दाखवायचे.

एका फेब्रुवारीत, सोमवारी सकाळी, तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. मामांनी एक जुनी मोटर चालू केली आणि तिचं थरथरणं बघायला म्हणून तिच्या लोखंडी अंगावर हात ठेवला. रोज ठेवायचे तसाच. त्या दिवशी मोटरीने त्यांना फेकलं. ते मागच्या स्टुलावर पडले, मनगट मोडलं, आणि दोन मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. एक मुलगी रडायला लागली. दोघा मुलांनी त्यांना उचलून बाकावर झोपवलं. मामा उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "पोरांना लांब करा, मोटरीला हात लावू देऊ नगा."

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, आणि ते अवघड नाही. यंत्राच्या आतल्या तारेचं आवरण झिजलं, तर आतली वीज यंत्राच्या लोखंडी अंगावर येते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राचं अंग एका पट्टीने जमिनीशी जोडलेलं असतं. पट्टीचं दुसरं टोक खोल खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या पत्र्याला असतं, भोवती कोळसा आणि मीठ भरलेलं. याला अर्थिंग म्हणतात. अंगावर आलेली वीज त्या वाटेने जमिनीत जाते, फ्यूज उडतो, आणि काहीतरी बिघडलंय हे कळतं. ही वाटच नसेल तर वीज तिथेच थांबून राहते. कुणीतरी हात लावेपर्यंत.

वाट किती मोकळी आहे हे मोजता येतं. त्याचं एक मीटर असतं. जमिनीत थोड्या थोड्या अंतरावर दोन लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वायरी जोडायच्या, आकडा वाचायचा. ओहममध्ये येतो. जितका कमी तितकं चांगलं. तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात हा सातवा प्रयोग आहे.

मामांना केडगावच्या दवाखान्यात पोचवून आले आणि दुपारी कपाटातून ते मीटर काढलं. मागचं झाकण उघडलं तर आतले सेल फुटून पांढरा चुना बाहेर आलेला, स्प्रिंगा गंजून तुटलेल्या. ते मीटर काल-परवा बंद पडलेलं नव्हतं. कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

मग सातवा प्रयोग मुलं कशी करत होती, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला तोही सावकाश. मी त्या वर्षाची जर्नल उघडली. सगळ्यांचं उत्तर दोन पॉइंट चार ओहम. मागच्या वर्षीची काढली. दोन पॉइंट चार. माळ्यावर जुने गठ्ठे होते, ते खाली घेतले. अकरा वर्षं मागे गेले. जून असो, मार्च असो, दोन पॉइंट चार. ओली जमीन आणि उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन एकच आकडा दाखवत नाही, हे मी स्वतः फळ्यावर शिकवते. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी खरंच मोजलं असावं. त्या सर्वांत जुन्या वहीत दोन खुंट्यांमधलं अंतर पंधरा मीटर लिहिलं होतं. पुढच्या वर्षी उतरवताना कुणाच्या तरी हातून पंधराचे एक्कावन्न झाले, आणि तिथून पुढे दहा वर्षं सगळ्यांनी एक्कावन्न मीटर लिहिलं. आमच्या यंत्रशाळेच्या मागे कुंपणापर्यंत चाळीस मीटर जागा नाही.

त्या प्रत्येक पानाखाली माझी सही होती. ठळक, निळी, तारखेसकट.

एवढ्यावर भागलं असतं तर ते मुलांची नक्कल आणि माझा आळस असं म्हणता आलं असतं. पण दर वर्षी विभागप्रमुखाला एक सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. त्यात एक रकाना असतो, 'अर्थिंग तपासले का'. तो रकाना भरताना मी समोर पडलेलं एखादं जर्नल उघडायचे आणि त्यातला आकडा लिहायचे.

रांजणगावच्या एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी मेंटेनन्सला होता. त्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर स्वतःच्या गाडीवर चांगलं डिजिटल मीटर घेऊन आला. आम्ही पट्टीच्या टोकाशी वायर जोडली. मीटरवर आकडा आलाच नाही, मोजण्यापलीकडे अशी खूण आली. त्याने खुंट्यांची जागा बदलून तीन वेळा बघितलं.

"पट्टी कुठंतरी तुटलीय, मॅडम," तो म्हणाला. "खड्ड्यापर्यंत पोचतच नाही."

मी त्याला विचारलं, की हे इतकं सफाईने कुठे शिकलास. तो जरा अवघडला. मग म्हणाला, "कंपनीत. आपल्याकडं दोन पॉइंट चार लिहायचो."

त्याने ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यामुळेच ते जास्त लागलं.

आता तो खड्डा शोधायचा होता. इमारतीचा नकाशा कार्यालयात मिळाला नाही. बांधकाम बघणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. तिसऱ्या दिवशी मामा हात गळ्यात अडकवून कामावर आले, कारण घरी बसवत नव्हतं. त्यांना विचारलं तर त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं.

"त्या सेल्फीखाली हाय."

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मूल्यांकन समिती यायची होती. कॉलेजला दर्जा देणारी माणसं. तेव्हा यंत्रशाळेच्या मागच्या अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवले, कारंजं केलं, आणि मधोमध चौथरा बांधून त्यावर 'आय लव्ह' आणि पुढे कॉलेजचं नाव अशी माणसाएवढी लाल अक्षरं उभी केली. सेल्फी पॉइंट. पाहुणे आले की संस्थेचे लोक आधी तिथे नेऊन फोटो काढतात. चौथऱ्याचा पाया जेसीबीने खणला होता. त्यात आमची पट्टी कधी तुटली हे कुणाला कळलं नाही, कारण ती काय आहे हे तिथे उभ्या असलेल्या एकालाही माहीत नव्हतं. मी वर पहिल्या मजल्यावर समितीच्या फायली तयार करत होते.

आणि समिती आता पुन्हा येणार होती. तीन आठवड्यांनी.

मी यंत्रशाळेला कुलूप लावलं. दारावर कागद चिकटवला, की अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत प्रॅक्टिकल बंद. प्राचार्यांना लेखी कळवलं. एका तासात बोलावणं आलं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये संस्थेचे सचिव बसले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मोठे बागायतदार, कारखान्याच्या आणि सोसायटीच्या राजकारणात मुरलेले, पण माणूस वाईट नाही. त्यांच्या विहिरीवरच्या मोटरी अब्बा भरून द्यायचे, आणि मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी आपणहून दौंडला येऊन अब्बांना पेढे दिले होते. त्यांनी आधी मामांच्या हाताची चौकशी केली. दवाखान्याचा खर्च संस्थेने केला आहे हे सांगितलं. मग म्हणाले, की समिती येऊन जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी मी सगळं अंगण उकरून देतो. मी म्हटलं, तोपर्यंत यंत्रशाळा बंद राहील. ते म्हणाले, समितीला कुलूप दाखवायचं का. मी म्हटलं, मग आधी उकरा.

 प्राचार्यांनी टेबलावरची फाइल माझ्यासमोर सरकवली. माझे सुरक्षा अहवाल होते, ओळीने लावलेले.

"मॅडम, तुमच्याच नोंदीप्रमाणे अर्थिंग दोन पॉइंट चार आहे," ते म्हणाले. "दर वर्षी. मागच्या ऑगस्टमध्येसुद्धा. ही सही तुमचीच ना?"

मी माझीच म्हटलं.

"मग बिघाड कुठे आहे? कागदावर तर नाही."

मला त्यांचा राग आला, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा आला, कारण ते बरोबर बोलत होते. यंत्रशाळा धोकादायक आहे असं मी म्हणायचं, तर आधी माझे सगळे अहवाल खोटे आहेत असं म्हणावं लागणार होतं. आणि ते तोंडी म्हणून उपयोग नव्हता. प्राचार्यांनी अतिशय सौजन्याने सुचवलं, की मॅडम, दोन्हीपैकी काय खरं ते तुम्ही लिहून द्या, त्याप्रमाणे आपण पुढे जाऊ. मी लिहून देणार नाही याची त्यांना खात्री होती.

पुढचे दोन दिवस माझ्याकडे माणसांची रीघ लागली. सहकारी आले. म्हणाले, सगळीकडे असंच चालतं, तुम्हीच का अंगावर घेता. एकाने सांगितलं, की तुमची प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर आहे, तेवढी होऊ द्या. एक पालक आले, त्यांचं म्हणणं असं की मुलाचं प्रॅक्टिकल बुडालं तर परीक्षेला जबाबदार कोण. दुपारी तिसऱ्या वर्षाची मुलं घोळक्याने आली. मला वाटलं कुलपाला पाठिंबा द्यायला आली असतील. ती विचारायला आली होती, की प्रॅक्टिकल बंद आहे तर हजेरी लागेल का.

संध्याकाळी मामा आले. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

"मॅडम, तुमी लिवणार हाय म्हणं."

मी हो म्हटलं.

"तुमी लिवलं की माजं बी नाव निगंल. मीटर माज्या ताब्यात हाय. रजिस्टरात माजी सही हाय." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "मी अजून परमनंट न्हाई."

हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचा विचार केलेला नव्हता. वीस वर्षं काम करून माणूस कायम झालेला नव्हता, आणि मी कागदावर शूरपणा करायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं, की जबाबदारी विभागप्रमुखाची असते, मी फक्त माझंच नाव लिहीन. तुमचा उल्लेखही येणार नाही.

मामांनी खिडकीबाहेरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं.

"तसं बी नगा करू," ते म्हणाले. "सेल मागितले व्हते मी. दोन डाव चिठ्ठी दिली. आलं न्हाईत. तिसऱ्या डाव मागायला पायजे व्हतं, ते म्या न्हाई मागितलं. तेवढं लिवा."

ते गेल्यावर मी जुन्या मागणीपत्रांची फाइल काढली. मामांच्या दोन्ही चिठ्ठ्या तिथे होत्या. चार सेल, अर्थ टेस्टरसाठी, म्हणजे त्याच मीटरसाठी. दोन्हींवर 'पाहिले' असं लिहून खाली सही होती. माझी.

मी पत्र लिहिलं. एका पानाचं. सातवा प्रयोग गेल्या दहा वर्षांत एकदाही झाल्याचा पुरावा नाही, अहवालातले आकडे न मोजता भरले आहेत, अटेंडंटनी सेल दोनदा मागितले होते आणि मी ते आणले नाहीत, आणि सध्या यंत्रशाळेतल्या कुठल्याही यंत्राचं अर्थिंग शाबूत नाही. खाली सही केली. ही मात्र मी वाचून केली. पत्र प्राचार्यांना दिलं आणि प्रत सचिवांना.

प्राचार्यांकडून काही उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी आप्पा एकटेच यंत्रशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. हातात माझं पत्र घडी घालून धरलेलं.

"उघडा," ते म्हणाले. "काय हाय ते मला दावा."

आप्पांना ओहम सांगून उपयोग नव्हता. मी मामांना बल्ब आणायला सांगितलं. सगळी यंत्रं अर्थिंगच्या पट्टीपासून सोडवली, आप्पांना लांब उभं केलं. होल्डरला दोन वायरी. एक फेजला, म्हणजे वीज येते त्या तारेला, दुसरी नेहमीच्या न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला. बल्ब लख्ख पेटला. मग ती दुसरी वायर काढून पट्टीला लावली. अर्थिंग चांगलं असतं तर तसाच पेटला असता. बल्ब विझलेलाच राहिला. साधी मिणमिणसुद्धा नाही. (घरी कुणी हे करून बघू नये. मिक्सरवाल्यांनी तर मुळीच नाही.)

शेतकरी माणूस. विहिरीवर मोटर बसवताना हे त्यांनी शंभरदा बघितलेलं. त्यांनी त्या बल्बाकडे पाहिलं, मग रांगेने ठेवलेल्या चौदा यंत्रांकडे, मग मामांच्या प्लास्टरकडे.

"पोरं हात लावत्यात ह्याला?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

ते बाहेर गेले, फोनवर कुणाशी तरी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा घेणारी माणसं आली. मला वाटलं आता सेल्फी पॉइंट उखडणार. मी त्यासाठी मनाची तयारी, खरं सांगायचं तर आनंदाची तयारी, करून गेले होते. आप्पांनी यंत्रशाळेच्या दुसऱ्या बाजूला, सायकल स्टँडशेजारी, नवा खड्डा घ्यायला सांगितला होता. जुन्या खड्ड्याची गरजच नाही, नवा घेतला की झालं. तांत्रिकदृष्ट्या त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. चिडायचं कुणावर तेच कळेना. दोन दिवसांत पत्रा पुरला, कोळसा-मीठ भरलं, नवी पट्टी यंत्रांपर्यंत आणली. रांजणगावहून पुन्हा मीटर मागवलं. तीन पॉइंट एक ओहम आलं. मामांनी तो आकडा डाव्या हाताने भिंतीवर खडूने लिहिला, तारीख घालून. लाल अक्षरं आजही जिथल्या तिथे आहेत.

समिती आली. अर्थिंगचं रजिस्टर मागितलं. मी नवं रजिस्टर दिलं, त्यात एकच नोंद होती. समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, की बाकीच्या वर्षांच्या नोंदी कुठे आहेत. मी सांगितलं, त्या खोट्या होत्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. अहवालात आमच्या विभागावर शेरा आला, 'सुरक्षा नोंदी असमाधानकारक'. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या विभागांवर असा शेरा आला नाही. त्यांच्या नोंदी अकरा वर्षांच्या, सलग आणि सुबक होत्या. मी त्या वाचलेल्या नाहीत.

जूनमध्ये माझं विभागप्रमुखपद काढून एका तरुण सहकाऱ्याला दिलं. प्राचार्यांनी कारण सांगितलं, की तुमच्यावरचा कामाचा भार कमी करतो आहोत. प्रोफेसरपदाची मुलाखत आधी लांबली, मग त्या जागेची जाहिरातच निघाली नाही. मी निवृत्त झाले ती सहयोगी प्राध्यापक म्हणूनच. मामांना मात्र कुणी हात लावला नाही. पुढच्या वर्षी ते कायम झाले. आप्पांनी ते करवून घेतलं असं ऐकलं. मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. भेटले की मिरच्यांचा भाव नाहीतर पावसाचा विषय काढायचे, आणि निघताना अब्बांची आठवण.

मला या सगळ्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणं खोटं होईल, आणि खोट्या नोंदींचा माझा कोटा संपलेला आहे. वाईट वाटतं. पद गेलं त्याचं थोडं. मामांच्या दोन चिठ्ठ्यांचं जास्त. त्यांचं मनगट पुढे कधी पूर्ण वळलं नाही. पान्याने नट आवळताना त्यांना हात बदलावा लागायचा, आणि ते मी समोर उभी असले की माझ्याकडे पाठ करून बदलायचे.

त्याच वर्षी तिसऱ्या वर्षाचा सातवा प्रयोग मी स्वतः घेतला. नवं मीटर आलं होतं. चार-चार जणांचे गट केले आणि सगळ्यांना बाहेर उन्हात काढलं. खुंट्या ठोकायला हातोडी दिली. किती कुरकुर झाली असेल ते विचारू नका. ऊन आहे, जमीन टणक आहे, बूट खराब होतात, हे इंटरनेटवर बघता येणार नाही का. एकाने हातोडी अंगठ्यावर मारून घेतली. मामा सावलीत उभे राहून म्हणत होते, "सरळ रेषेत ठोका, नांगरट न्हाई करायची." अडीच तास लागले, आणि माझं डोकं फुटायची वेळ आली.

आठवड्याने जर्नल आली. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं. पहिल्या गटाचं तीन पॉइंट चार. दुसऱ्याचं दोन पॉइंट नऊ. तिसऱ्याचं तीन पॉइंट सात. थोडाफार फरक यायचाच. चौथ्या गटाचं एक्केचाळीस.

त्या गटाची मुख्य होती अश्विनी, यवतची. हुशार, बोलायला फटकळ. वडिलांचा हायवेवर ढाबा. तिला बोलावलं. एक्केचाळीस ओहम कसे आले म्हणून विचारलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की एक वायर पट्टीला लावताना वरचा रंग खरवडायचा राहिला असावा, ते नंतर लक्षात आलं. मी म्हटलं, हे तुमच्या निष्कर्षात लिहिलंय का. तिने पान उलटून दाखवलं. लिहिलं होतं.

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी ज्याचं उत्तर ऐकायला नको होतं असा प्रश्न विचारला. म्हटलं, आकडा एवढा वेगळा दिसत असताना तुम्हाला दुसऱ्या गटाचा उतरवून घ्यावासा नाही वाटला?

"वाटला ना मॅडम," ती म्हणाली. "पण तिन्ही गटांचे वेगवेगळे आले होते. कुणाचा उतरवायचा तेच कळेना."

मी पेनाचं टोपण काढलं आणि एक्केचाळीसच्या खाली सही केली.